अमेरिकेतील ग्रामीण कामगारांचे व्यवसाय-प्रशिक्षण : त्यात कोण येते, कोण राहून जाते?



गणेशोत्सव किंवा दिवाळीच्या निमित्ताने महाराष्ट्रातील एखाद्या संस्थेसाठी निधी गोळा करणे ही आपल्या मंडळांची जुनी प्रथा आहे. खेड्यातील तरुण-तरुणींना व्यवसाय शिकवणाऱ्या संस्था या यादीत बहुधा असतातच. पण आपण ज्या देशात राहतो, तिथेही शेतमजूर आहेत, हंगामी कामगार आहेत, बंद पडलेल्या खाणींची गावे आहेत. त्यांना नवा व्यवसाय शिकवण्यासाठी इथले सरकार कायदे करते आणि पैसा खर्च करते. आपण भरतो त्या करातूनच तो पैसा येतो. तरीही या वर्गांत नेमके कोण बसते, हे आपल्यापैकी थोड्यांनाच ठाऊक असते.

म्हणून या लेखात आम्ही ही माहिती एकत्र केली आहे. लेख जरा मोठा आहे, पण हाताशी ठेवण्यासारखा व्हावा असा प्रयत्न केला आहे. शेवटी आपल्या कुटुंबांना आणि मंडळांना उपयोगी पडतील असे काही मुद्देही दिले आहेत.

कार्व्हरची गाडी

वीणा गवाणकर यांचे ‘एक होता कार्व्हर’ १९८१ साली आले आणि मराठी घराघरांत पोहोचले. त्यामुळे अलाबामा राज्यातील टस्कीगी हे गाव आपल्याला अगदी परके नाही. बुकर टी. वॉशिंग्टन यांनी १८८१ मध्ये तिथे कृष्णवर्णीयांसाठी संस्था सुरू केली आणि १८९६ मध्ये जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर तिथे शिकवायला आले.

या संस्थेपुढचा मोठा प्रश्न असा होता, की ज्यांना शिकवायचे ते संस्थेत येऊच शकत नव्हते. आसपासचे बहुतेक शेतकरी दुसऱ्याच्या जमिनीवर वाट्याने कापूस पिकवत. सावकाराचे देणे, जमीनमालकाचा धाक आणि अंगावर पडलेले काम यांतून शाळेसाठी वेळ काढणार कोण? यावर उपाय म्हणून १९०६ साली जनावरे जोडलेली एक गाडी अवजारे, बियाणे आणि प्रात्यक्षिकांचे साहित्य घेऊन गावोगाव फिरू लागली. न्यूयॉर्कचे धनिक मॉरिस जेसप यांनी खर्चाला मदत केली, म्हणून ती ‘जेसप वॅगन’ या नावाने ओळखली गेली. शाळाच विद्यार्थ्यांच्या बांधावर गेली!

पुढे १९१४ च्या स्मिथ-लिव्हर कायद्याने कृषी विस्तार सेवा देशभर सुरू झाली आणि १९१७ च्या स्मिथ-ह्यूज कायद्याने शाळांतील व्यवसाय शिक्षणाला केंद्राचा पैसा मिळू लागला. या दोन्हींचा लाभ प्रामुख्याने स्वतःची जमीन असलेल्या कुटुंबांना झाला. दक्षिणेकडील राज्यांत तर कृष्णवर्णीयांसाठी वेगळी आणि तुटपुंजी व्यवस्था होती आणि ती १९६० च्या दशकापर्यंत टिकली. मजुरी करून पोट भरणारा माणूस या योजनांच्या कक्षेबाहेरच राहिला.

१९६० नंतरचे कायदे

नोव्हेंबर १९६० मध्ये, थँक्सगिव्हिंगच्या दुसऱ्या दिवशी, सीबीएस वाहिनीने एडवर्ड मरो यांचा ‘हार्वेस्ट ऑफ शेम’ हा माहितीपट दाखवला. फ्लोरिडापासून उत्तरेकडे पिकामागे फिरणाऱ्या मजुरांचे हाल, भरल्या ताटावरून उठलेल्या अमेरिकेने त्यात पाहिले. त्यानंतरच्या दशकांतील प्रमुख टप्पे असे :

• १९६२ – मनुष्यबळ विकास व प्रशिक्षण कायदा. रोख होता तो यंत्रांमुळे काम गेलेल्या कामगारांवर.
• १९६४ – राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांचा आर्थिक संधी कायदा. फिरत्या आणि हंगामी शेतमजुरांसाठीच्या स्वतंत्र कार्यक्रमाचे मूळ यात आहे. ‘जॉब कोअर’ याच कायद्यातून निघाला. मेक्सिकन मजुरांना तात्पुरते आणणारी, १९४२ पासून चाललेली ‘ब्रासेरो’ योजनाही याच वर्षी संपली.
• १९७३, १९८२, १९९८ आणि २०१४ – प्रशिक्षणाचा कायदा चार वेळा नव्याने लिहिला गेला. नावे बदलली, पण शेतमजुरांसाठीचे स्वतंत्र कलम प्रत्येक वेळी राहिले. २०१४ च्या कायद्यात ते १६७ वे कलम आहे.

या साऱ्यात १९७४ चा एक न्यायालयीन आदेश विसरता येत नाही. कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणारी एनएएसीपी ही संस्था आणि इतर काहींनी १९७२ मध्ये श्रम विभागावर खटला भरला. तक्रार साधी होती. सरकारी रोजगार कार्यालयात शेतमजूर गेला, की त्याला पुन्हा शेतातल्याच कामावर पाठवले जाई. प्रशिक्षण, समुपदेशन, चाचण्या हे सगळे इतरांसाठी. न्यायाधीश चार्ल्स रिची यांनी आदेश दिला, की शेतमजुरांना मिळणाऱ्या सेवा दर्जाने इतरांच्या बरोबरीच्या आणि संख्येने त्यांच्या प्रमाणात असल्या पाहिजेत. त्यावर लक्ष ठेवण्यासाठी प्रत्येक राज्यात ‘मॉनिटर अॅडव्होकेट’ हे पद निर्माण झाले. ते पद आजही आहे, आणि तक्रार घेऊन त्या अधिकाऱ्याकडे थेट जाता येते.

आजचा मुख्य कार्यक्रम

या कार्यक्रमाचे नाव ‘नॅशनल फार्मवर्कर जॉब्स प्रोग्राम’. पैसा केंद्रीय श्रम विभागाचा, आणि काम बहुतेक ठिकाणी स्वयंसेवी संस्थांकडे, काही ठिकाणी राज्य सरकारच्या खात्यांकडे. दर चार वर्षांनी स्पर्धेतून संस्थांची निवड होते. २०२३ च्या आर्थिक वर्षात यासाठी सुमारे ९ कोटी ७० लाख डॉलरची तरतूद होती. एवढ्या मोठ्या देशाच्या मानाने ही रक्कम फार नाही.

कोणाला प्रवेश मिळतो?

१. अर्जाच्या आधीच्या २४ महिन्यांपैकी सलग १२ महिन्यांच्या काळात ज्याची मुख्य कमाई शेतमजुरीची किंवा मत्स्यशेतीवरील मजुरीची आहे, असा कमी उत्पन्नाचा माणूस.
२. त्यातही ‘हंगामी’ आणि ‘फिरता’ असे दोन प्रकार आहेत. कामाच्या जागेवरून त्याच दिवशी आपल्या कायमच्या घरी परतता येत नाही, तो फिरता मजूर.
३. अशा मजुरावर अवलंबून असलेले कुटुंबीय. म्हणजे मजुराची मुलगी किंवा पत्नीही अर्ज करू शकते.
४. अर्जदार नागरिक, ग्रीन कार्डधारक, निर्वासित किंवा अन्य प्रकारे काम करण्याची कायदेशीर परवानगी असलेला हवा. पुरुषांना सिलेक्टिव्ह सर्व्हिसच्या नोंदणीचा नियमही लागू होतो.

शिकवतात काय? ट्रक चालवण्याचा व्यावसायिक परवाना, वेल्डिंग, रुग्णालयातील परिचारिका-साहाय्यकाचे काम, वातानुकूलन यंत्रांची दुरुस्ती असे अभ्यासक्रम सर्रास दिसतात. शेतीतच राहून ट्रॅक्टर, ठिबक सिंचन किंवा देखरेखीचे वरचे काम शिकण्याचीही सोय असते. फीबरोबर पेट्रोल, कामाचे बूट, परवान्याची फी, मुलांच्या पाळणाघराचा खर्च अशी मदतही मिळू शकते. १४ ते २४ वयाच्या मुलामुलींसाठी वेगळा भाग आहे.

शेतात कोण आहे?

वर्गात कोण येते हे समजण्यासाठी आधी शेतात कोण आहे ते पाहावे लागते. श्रम विभाग १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून शेतमजुरांची राष्ट्रीय पाहणी करत आला आहे. २०१९-२० च्या पाहणीतील काही आकडे असे :

• जन्म मेक्सिकोतला : ६३ टक्के. अमेरिकेतला : सुमारे ३० टक्के.
• सरासरी वय : ४१ वर्षे.
• पुरुष : सुमारे दोन-तृतीयांश.
• सरासरी शिक्षण : नववीपर्यंत.
• स्पॅनिश ही सर्वांत सोयीची भाषा : ६२ टक्के.
• गावोगाव फिरणारे : १५ टक्के. बाकीचे एका ठिकाणी स्थिरावलेले.
• कामाची कायदेशीर परवानगी असलेले : ५६ टक्के.

यातला शेवटचा आकडा पुन्हा वाचावा. याचा अर्थ, शंभरातील चव्वेचाळीस मजुरांना प्रशिक्षणाचे दार अर्ज करण्याआधीच बंद आहे. शिवाय एच-२ए व्हिसावर येणारे मजूर या पाहणीत मोजलेच जात नाहीत. २०२३ च्या आर्थिक वर्षात अशा ३ लाख ७५ हजारांहून अधिक जागांना मंजुरी मिळाली. हा व्हिसा एका मालकाशी आणि ठरावीक मुदतीच्या शेतकामाशी बांधलेला असतो. काम संपले की परत जायचे. इथे दुसरा व्यवसाय शिकून तो करण्याचा मार्ग त्यांच्यापुढे मुळातच नाही.

पात्र असूनही का येत नाहीत?

कागदपत्रे पूर्ण असलेले सगळे तरी येतात का? तेही नाही. कारणे आपल्याला ओळखीची वाटतील.

वेळ : प्रशिक्षण दिवसा, काम पहाटेपासून. हंगामात एक दिवस बुडाला तर त्या दिवसाची मजुरी बुडते. सहा महिने शिकायचे तर घर चालवायचे कशावर?

अंतर : केंद्र तालुक्याच्या मोठ्या गावी, आणि खेड्यात बस नाही. घरात एकच गाडी, ती नवरा कामावर घेऊन जातो.

पुरावे : दोन वर्षांतील शेतमजुरीचा हिशेब दाखवायचा असतो. मजूर मुकादमामार्फत कामाला जात असेल आणि रोखीने पैसे घेत असेल, तर चिठ्ठी कुठून आणायची? इथल्या ‘क्रू लीडर’ला आपला ‘मुकादम’ हाच शब्द चपखल बसतो.

भाषा : इंग्रजी तर दूरच, पण मेक्सिकोच्या ओआहाका राज्यातून आलेल्या कित्येक मजुरांची मातृभाषा मिश्तेकसारखी आदिवासी भाषा असते. त्यांना स्पॅनिशही नीट येईलच असे नाही.

भीती : एकाच घरात एकाकडे कागद आहेत, दुसऱ्याकडे नाहीत. अशा घरातील पात्र माणूसही सरकारी कार्यालयाची पायरी चढायला कचरतो.

या सगळ्यातून निभावून नेण्याची शक्यता कोणाची जास्त? जो एका गावात स्थिरावला आहे, ज्याच्याकडे कागद आणि गाडी आहे, ज्याला थोडेफार इंग्रजी येते, किंवा मजुराच्या घरात वाढून इथल्या शाळेत शिकलेला मुलगा अथवा मुलगी. त्यांनाही मदतीची गरज असतेच. पण ज्याची गरज सर्वांत मोठी, तो रांगेत सर्वांत मागे राहतो.

सॅन होजेचा धडा

कॅलिफोर्नियातील आपल्या मंडळींना सॅन होजे माहीत आहे ते संगणकांमुळे. पण १९६७ मध्ये, या खोऱ्यात अजून फळबागा होत्या तेव्हा, पूर्व सॅन होजेत ‘सेंटर फॉर एम्प्लॉयमेंट ट्रेनिंग’ ही संस्था सुरू झाली. विद्यार्थी होते शेतमजूर आणि कॅनरीतले कामगार. इथे प्रवेशपरीक्षा नव्हती. जागा असेल तेव्हा यायचे, काम हाती बसले की बाहेर पडायचे. आधी इंग्रजी, मग गणित, मग व्यवसाय अशी उतरंड नव्हती. वेल्डिंग शिकतानाच त्यासाठी लागणारे इंग्रजी आणि हिशेब शिकवले जात. स्थानिक उद्योगांतील माणसे सल्लागार म्हणून जोडलेली होती.

१९८० च्या दशकात, शाळा सोडलेल्या तरुणांसाठीच्या ‘जॉबस्टार्ट’ या प्रयोगात १३ ठिकाणे होती. १९९३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मूल्यमापनात कमाईतील ठळक वाढ दिसली ती सॅन होजेच्या या केंद्रात. मग त्याची प्रतिकृती इतर शहरांत करून पाहिली गेली, पण सगळीकडे तेच फळ मिळाले नाही. मूळ संस्थेची वस्तीशी आणि उद्योगांशी असलेली वर्षानुवर्षांची ओळख दुसरीकडे उचलून नेता येत नाही, हे त्यातून दिसले.

याच काळात १९८२ च्या कायद्याखालील कार्यक्रमांवर एक टीका सतत होत होती. संस्थांना पैसा मिळायचा तो किती जणांना नोकरी लागली यावर. मग आधीच बऱ्यापैकी तयार असलेल्यांनाच प्रवेश देण्याचा मोह व्हायचा. दुधावरची साय तेवढी काढून घ्यायची! आकडे छान दिसतात, पण खालचे दूध तसेच राहते.

शेतीपलीकडचे ग्रामीण कामगार

ग्रामीण म्हणजे फक्त शेती नव्हे. २०२० च्या जनगणनेनुसार अमेरिकेची सुमारे २० टक्के लोकसंख्या ग्रामीण भागात राहते आणि तिच्यातले बहुतेक लोक शेतीत काम करत नाहीत. कोळसा खाणी, लाकूड, कापडगिरण्या, मांस प्रक्रियेचे कारखाने हे त्यांचे रोजगार.

परदेशी आयातीमुळे नोकरी गेलेल्यांसाठी १९६२ मध्ये सुरू झालेल्या ‘ट्रेड अॅडजस्टमेंट असिस्टन्स’मधून अनेक गिरणी कामगार नवा व्यवसाय शिकले. मात्र या योजनेची मुदत १ जुलै २०२२ रोजी संपली आणि तेव्हा नवे अर्ज मंजूर होणे थांबले.

‘जॉब कोअर’ हा निवासी कार्यक्रम १६ ते २४ वयाच्या गरीब तरुणांसाठी आहे. त्याची काही केंद्रे वनखात्यामार्फत थेट जंगलभागात चालतात. तिथे बांधकामाबरोबर वणवा विझवण्याचेही शिक्षण मिळते. मे २०२५ मध्ये श्रम विभागाने कंत्राटदारांकडून चालणारी केंद्रे थांबवण्याची घोषणा केली आणि जूनमध्ये न्यायालयाने तिला अंतरिम मनाई केली. वसतिगृहात राहणाऱ्या मुलांपैकी काहींना परतायला घरच नव्हते, ही गोष्ट त्या वादात प्रकर्षाने पुढे आली.

आपल्या महाराष्ट्राकडे पाहताना

हे वाचताना बीडकडचा ऊसतोड कामगार डोळ्यांसमोर आला नाही, असा मराठी माणूस विरळा. दिवाळीच्या सुमारास मुकादमाची उचल घेऊन नवरा-बायकोची जोडी, म्हणजे एक ‘कोयता’, कारखान्याच्या पट्ट्यात जाते आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी परतते. गावात प्रशिक्षणवर्ग निघाला तर त्याच्या पटावर हे नाव कसे लागणार? हंगामात माणूस गावातच नसतो.

भारतातील योजनांनी सहभागाचा प्रश्न बहुतांशी राखीव जागांनी सोडवण्याचा प्रयत्न केला. १५ ऑगस्ट १९७९ रोजी सुरू झालेली ‘ट्रायसेम’ ही १८ ते ३५ वयाच्या ग्रामीण गरीब तरुणांसाठी होती. ती १९९९ मध्ये स्वर्णजयंती योजनेत विलीन झाली. २५ सप्टेंबर २०१४ रोजी जाहीर झालेल्या दीनदयाळ उपाध्याय ग्रामीण कौशल्य योजनेत अनुसूचित जाती-जमातींसाठी ५० टक्के, अल्पसंख्याकांसाठी १५ टक्के आणि महिलांसाठी एक-तृतीयांश वाटा ठरवला गेला. अमेरिकेत कलम कामाच्या प्रकारावरून ठरते, तर आपल्याकडे जात, लिंग आणि दारिद्र्यरेषेवरून. दोन्हीकडे कागदावर पात्र असणे आणि वर्गात येऊन बसणे यांत मोठे अंतर राहते.

ते अंतर कमी करणाऱ्या संस्थाही आपल्याकडे आहेत. अमेरिकेत डॉक्टरेट करून परतलेले डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये पुणे जिल्ह्यात पाबळ येथे विज्ञान आश्रम सुरू केला. शाळा सुटलेली मुले तिथे जोडकाम, बांधकाम, वीज, शेती, पशुपालन असे सगळेच थोडे थोडे शिकतात, आणि तेही गावाची खरी कामे करून. सातारा जिल्ह्यातील म्हसवडला चेतना सिन्हा यांच्या पुढाकाराने १९९७ मध्ये माणदेशी महिला बँक उभी राहिली आणि पुढे तिच्या जोडीने महिलांसाठी उद्योग-शाळा निघाली. या शाळेची बसही गावोगाव फिरते. टस्कीगीच्या गाडीची ही धाकटी बहीणच म्हणायची!

वर्ध्याचे खानखोजे, मेक्सिकोची शेते

आणखी एक मराठी नाव या विषयात मानाने घ्यावे लागेल. वर्ध्याचे डॉ. पांडुरंग खानखोजे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेत आले. त्यांनी ओरेगन आणि वॉशिंग्टन राज्यांत शेतीशास्त्राचे शिक्षण घेतले आणि गदर चळवळीच्या उभारणीत भाग घेतला. इंग्रज सरकारमुळे मायदेशी परतणे अशक्य झाले, तेव्हा १९२४ मध्ये ते मेक्सिकोत गेले. चापिंगो येथील राष्ट्रीय कृषी विद्यालयात ते शिकवू लागले. त्यांनी मक्यावर संशोधन केले आणि गरीब शेतकऱ्यांसाठी मोफत शेतीशाळा उभारण्यात मोठा वाटा उचलला. प्रसिद्ध चित्रकार दिएगो रिवेरा यांच्या एका भित्तिचित्रात त्यांचा चेहरा आहे. स्वातंत्र्यानंतर ते भारतात परतले आणि १९६७ मध्ये नागपुरात त्यांचे निधन झाले.

आज अमेरिकेच्या शेतात राबणाऱ्या मजुरांपैकी बहुसंख्य त्याच मेक्सिकोतून आलेले आहेत. त्यांच्या देशातल्या शेतकऱ्याला शिकवायला आपला एक वऱ्हाडी माणूस गेला होता, हे मुलांना जरूर सांगावे.

आपल्या मंडळींसाठी

• नोकरी शोधणाऱ्यांसाठी देशभर दोन हजारांहून अधिक ‘अमेरिकन जॉब सेंटर’ आहेत. नोकरीची माहिती, अर्ज लिहिण्यास मदत अशा प्राथमिक सेवा तिथे मोफत मिळतात. प्रशिक्षणाच्या खर्चासाठी वेगळी पात्रता लागते.
• एच-४ व्हिसावरील काही पती-पत्नींना २०१५ पासून कामाचा परवाना मिळू लागला. परवाना हातात असेल तर जवळच्या केंद्रात चौकशी करण्यास हरकत नाही. परवाना नसेल तर सरकारी प्रशिक्षणाचे पैसे मिळत नाहीत. तेव्हा व्हिसाचे नियम वकिलाकडून समजून घेऊनच पुढे जावे.
• लहान गावात हॉटेल, दुकान किंवा दवाखाना चालवणाऱ्यांनी स्थानिक केंद्राला आपल्याकडील रिकाम्या जागा कळवाव्यात. कामावर शिकवण्यासाठी मालकाला पगाराचा काही भाग परत मिळण्याची तरतूद कायद्यात आहे.
• हायस्कूलमधील मुलांना सेवेचे तास हवे असतात. शेतमजुरांच्या वस्तीतील इंग्रजीचे वर्ग, मुलांचा अभ्यास घेणे ही त्यासाठी उत्तम जागा आहे.
• मंडळातर्फे महाराष्ट्रातील प्रशिक्षण संस्थेला देणगी देताना पुढील प्रश्न विचारावेत : प्रवेशासाठी किमान शिक्षण किती लागते? आलेल्यांपैकी मध्येच किती जण सोडून जातात आणि का? शिकण्याच्या काळात घरखर्चाचे काय? मुली राहतात कुठे? वर्षभराने किती जण त्याच कामात टिकून आहेत?

‘किती जणांना शिकवले’ हा आकडा प्रत्येक अहवालात असतो. कोणाला शिकवले, हे मात्र विचारावे लागते. पुढच्या वेळी निधीचा ठराव कार्यकारिणीपुढे येईल तेव्हा एखाद्या सभासदाने एवढा एक प्रश्न जरी विचारला, तरी हा लेख लिहिल्याचे सार्थक झाले असे आम्ही समजू.

आपल्या परिसरात अशा कार्यक्रमांत स्वयंसेवक म्हणून काम केलेली मंडळी असतील, तर त्यांनी आपला अनुभव आम्हाला अवश्य कळवावा. पुढील अंकात त्याला आनंदाने जागा देऊ.

– संपादक मंडळ